फडशा पाडावा की पुरवून वाचावं? कादंबरीचा वेग ठरवण्याची घरगुती रीत

आमच्या गावच्या वाचनालयात एका कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. मे महिन्याच्या सुट्टीत मी सकाळी नेलेली कादंबरी संध्याकाळी परत करायला उभा असायचो. चार-पाच दिवस हा प्रकार पाहिल्यावर टेबलामागच्या काकांनी एकदा पुस्तक हातात धरूनच विचारलं, "संपलं? मग सांग, शेवटी वाडा कुणाला मिळतो?" मला वाडा आठवत होता, भाऊबंदकी आठवत होती, विहिरीपाशी झालेलं भांडण तर जसंच्या तसं आठवत होतं. पण वाडा कुणाला मिळाला ते काही केल्या आठवेना. पुस्तक संपवून जेमतेम दोन तास झाले होते. काकांनी पुस्तक परत माझ्याकडे सरकवलं. "उद्या आण."

माझी आत्या बरोबर उलट. दुपारचं मागचं आवरलं की रोज एक प्रकरण, त्याच्या वर एक ओळही नाही. दिवाळीत हातात घेतलेली कादंबरी संक्रांतीला चालूच. तिला पात्रं शेजाऱ्यांसारखी माहीत असायची. पण रहस्यकथा मात्र तिच्या हातून कधी धड संपली नाही, कारण खुनी सापडेपर्यंत खून कुणाचा झाला होता तेच ती विसरलेली असे.

थोडक्यात, आम्ही दोघंही चुकत होतो. दोघांचा वेग स्वभावाने ठरत होता, पुस्तकाकडे पाहून नाही. पुढे बरीच वर्षं धडपडून मी स्वतःपुरती एक रीत बसवली, ती इथे देतो आहे. ज्यांना भराभर वाचून काहीच उरत नाही असं वाटतं आणि ज्यांच्या उशाशी एकच कादंबरी सहा महिने पडून असते, अशा दोघांनाही तिचा उपयोग होईल.

आपल्याकडे या दोन्ही वाचनांना जुनी परंपरा आहे. एका बाजूला पारायण, म्हणजे ठरलेल्या दिवसांत ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पुरा करणं. दुसऱ्या बाजूला, जिची अशी पारायणं होतात त्या ज्ञानेश्वरीबद्दल नामदेवांचं म्हणणं, "एक तरी ओवी अनुभवावी." सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाबद्दल हे सांगितलंय. सप्ताहाला बसणाऱ्या कुणाला या दोन गोष्टींत कधी भांडण दिसलं नाही. कादंबरीच्या वाचकांनीच ते उकरून काढलंय.

पहिली पायरी: आपला वेग मोजा, पण शब्दांत नको

इंटरनेटवर वाचनाचा वेग "मिनिटाला अमुक शब्द" असा सांगितलेला असतो. त्यातले भरवशाचे आकडे मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियमच्या मानसशास्त्रज्ञाचे. त्यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी अशी: मोठी माणसं इंग्रजी कथा-कादंबरी मनातल्या मनात मिनिटाला सुमारे २६० शब्द या वेगाने वाचतात, माहितीपर मजकूर २३८ आणि मोठ्याने वाचताना १८३. कथा जलद वाचली जाते याचं कारण गंमतीचं आहे. तिच्यातले शब्दच आखूड असतात.

मराठीला हे माप लागू पडत नाही. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवतो. "घराबाहेरच्यांनासुद्धा" हा आपला एक शब्द, इंग्रजीत तो सांगायला चार-पाच लागतील. त्यामुळे आपला मिनिटाचा आकडा कमी आला म्हणून वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.

म्हणून पानं मोजा. कादंबरीची पहिली चाळीस पानं मापात धरू नका, कारण तिथे सगळेच अडखळतात. पुढे मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावून तो दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नेहमीसारखं वाचा. परीक्षा आहे असं समजून पळू नका. गजर झाला की पानं मोजा. असं तीन वेगवेगळ्या वेळी करा: एकदा सकाळी, एकदा जेवणानंतर, एकदा गाडीत. माझा सकाळचा आणि जेवणानंतरचा आकडा यांत जवळजवळ दीडपटीचा फरक निघाला होता. ही तिन्ही मापं डोक्यात ठेवा.

आता हिशेब. समजा वीस मिनिटांत अकरा पानं झाली, म्हणजे तासाला तेहतीस. ३२० पानांच्या कादंबरीला पावणेदहा तास लागतील. रोज चाळीस मिनिटं मिळत असतील तर दिवसाला बावीस पानं, म्हणजे पंधरा दिवस. बऱ्याच वाचनालयांची मुदत नेमकी एवढीच असते. "मला वाचायला वेळच होत नाही" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्याला जलद लोकलचा तासभर रोज दोनदा मिळतो. अर्थात बसायला जागा मिळाली तर.

हा आकडा कुणाला सांगायचा नाही. "मी वर्षाला शंभर पुस्तकं वाचतो" असं सांगणाऱ्याला मी नेहमी विचारतो, त्यातली दुसऱ्यांदा किती वाचली?

दुसरी पायरी: पुस्तकाची चाल ओळखा

पहिली तीस-चाळीस पानं हळू वाचा, पुस्तक कुठलंही असो. ही अट मी स्वतःलाही घालून घेतली आहे. तिथेच गाव, घर, नाती, काळ, सांगणारा कोण, हे सगळं मांडलेलं असतं. इथे घाई केली की पुढे "हा नाना म्हणजे कोण?" करत मागे यावं लागतं. मोठं कुटुंब असेल तर वाचनखुणेच्या कोऱ्या बाजूवर वंशवेल काढा. आपल्या कादंबऱ्यांत एकाच माणसाला कुणी दादा म्हणतं, कुणी काका, कुणी रावसाहेब. तिन्ही नावं एकाच वर्तुळात लिहिली की अर्धं काम झालं.

एवढ्या पानांत पुस्तक स्वतःची चाल सांगतं. मी साधारण तीन गोष्टी पाहतो.

वाक्य मला पुढच्या वाक्याकडे ढकलतं आहे की त्याच वाक्यावर थांबवतं आहे? ढकलत असेल तर ती पळायची कादंबरी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या पुरवून वाचणं म्हणजे गरम भजी दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवणं.

संवाद कुठल्या बोलीत आहेत? मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी आपल्या घरची नाही त्या बोलीत पहिली वीस-पंचवीस पानं डोळ्यांनी वाचून कळत नाहीत, कानाने कळतात. दारं लावून दोन पानं मोठ्याने वाचा. एकदा हेल सापडला की वेग आपोआप येतो. हे मी कितीतरी उशिरा शिकलो आणि तोवर दोन चांगल्या कादंबऱ्या "अवघड आहेत" म्हणून परत करून बसलो होतो.

तिसरं म्हणजे बांधणी. आकार आणि निवेदक पाहायचे. विश्राम बेडेकरांची १९३९ ची 'रणांगण' छोटी आहे आणि युरोपहून मुंबईकडे येणाऱ्या एका बोटीवर घडते. अशी कादंबरी तीन आठवडे रेंगाळली तर बोटीवरची कोंडी वाचकापर्यंत पोचतच नाही. ती एका सुट्टीच्या दिवशी, एका बैठकीत. उलट शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन असे निवेदक बदलत जातात. तिथे निवेदक बदलला की दिवसही बदलावा. एक आवाज कानातून उतरल्याशिवाय दुसरा नीट ऐकू येत नाही.

तिसरी पायरी: वाटा पाडा

रोज किती वाचायचं हे ठरवताना बहुतेक जण "रोज एक प्रकरण" म्हणतात. सोपं आहे, पण प्रकरणं सारख्या लांबीची नसतात, म्हणून चौथ्या दिवशी गाडी अडते.

याचं उत्तर गुरुचरित्राच्या सप्ताहात आधीच शोधून ठेवलेलं आहे. त्रेपन्न अध्याय, सात दिवस. एका प्रचलित वाटणीत पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी दहा ते एकवीस म्हणजे बारा, आणि पाचव्या दिवशी फक्त तीन: छत्तीस ते अडतीस. कारण छत्तिसावा अध्याय भलताच लांब आहे. कुणीतरी आसनावर बसून, वाचून, मग ही वाटणी केलेली आहे. भागाकार करून नाही.

कादंबरीचंही तसंच करा. अनुक्रमणिका असेल तर पेन्सिलीने प्रत्येक प्रकरणापुढे पानं लिहा. मग आपल्या तासाच्या आकड्यावरून वाटे पाडा: रविवारी मोठा वाटा, पाहुणे येणार त्या दिवशी काहीच नाही. तोल्स्तोयची 'युद्ध आणि शांती' ३६१ प्रकरणांची आहे आणि प्रकरणं बहुतेक आखूड आहेत, म्हणून जगभर अनेक जण ती रोज एक अशी वर्षभर वाचतात. तिथे भागाकार चालून गेला, प्रत्येक पुस्तकात चालेल असं नाही.

थांबायचं कुठे हे किती वाचायचं याहून महत्त्वाचं. प्रकरण संपतं तिथे लेखकाने बहुतेकदा गळ टाकलेला असतो. तिथे थांबायचं ठरवलं तर एकतर थांबवत नाही, किंवा थांबलात तर रात्री झोप येत नाही. म्हणून गळ गिळून टाका, पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचा आणि मग थांबा. नवा प्रसंग नुकताच सुरू झालेला असतो, छाती शांत झालेली असते आणि उद्या कुठून धरायचं हेही ठाऊक असतं.

पूर्वी हा प्रश्न वाचकाच्या हातात नव्हताच. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यातून तुकड्यातुकड्यांनी आल्या. पुढचं वाचायचं तर पुढच्या अंकाची वाट पाहायची. अंक एकाच्या हातून दुसऱ्याकडे जायचा आणि मधल्या दिवसांत बोलायला विषय असायचा. ती सक्ती आता मालिकांनी उचलली आहे, फक्त रोज रात्री साडेआठला.

फडशा पाडायचाच असेल तर नीट पाडा

एका दमात वाचण्याला कमी लेखणारे लोक मला आवडत नाहीत. काही पुस्तकं तशीच वाचायची असतात आणि तो आनंद दुसऱ्या कशात नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळी केली. लिहिणारा पाच दिवसांत लिहू शकतो, तर वाचणाऱ्याने दोन दिवसांत वाचली म्हणून बिघडलं कुठे? (त्यातल्या प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत, आणि आत्या ती एका रात्रीला एकच अशी वाचायची. तेही बरोबरच.)

पण फडशा पाडण्यासाठी तयारी लागते. सलग चार-पाच तास मोकळे आहेत असा दिवस निवडा. सुरुवात सकाळी करा. रात्री दहाला रहस्यकथा उघडणारा माणूस शेवटची साठ पानं दोन वाजता अर्धमिटल्या डोळ्यांनी वाचतो, म्हणजे लेखकाने जिथे सगळ्यात जास्त कष्ट घेतलेत नेमकी ती पानं. दर तासाला उठा, पाणी प्या, खिडकीतून लांबवर बघा. डोळ्यांना खरंच गरज असते. वाचताना नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही, ती उड्या मारते, प्रत्येक मुक्कामाला साधारण पाव सेकंद टेकते, आणि दहातली एखादी उडी मागेही घेते. दमल्यावर या मागच्या उड्या वाढतात. तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचतोय असं लक्षात आलं की पुस्तक मिटा.

आणि संपल्यावर लगेच दुसरं उघडू नका. निदान एक रात्र जाऊ द्या. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एका टीव्ही मालिकेवर प्रयोग केला होता: काहींनी ती एका बैठकीत पाहिली, काहींनी रोज एक भाग, काहींनी आठवड्याला एक. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आठवत होतं ते एका बैठकीत पाहणाऱ्यांना. पण १४० दिवसांनंतर सगळ्यात जास्त घसरण त्यांचीच झाली, आणि मालिका आवडण्यातही ते मागे होते. मालिका आणि कादंबरी एक नव्हे हे मान्य. पण मला माझ्या सुट्टीतल्या तीसेक कादंबऱ्या आठवतात, म्हणजे आठवत नाहीत.

उपाय अगदी साधा आहे. संपल्यावर दहा मिनिटं पुस्तक मिटून बसा आणि वहीत पाच ओळी लिहा: कोण, कुठे, काय झालं, कुठला प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही, काय पटलं नाही. पुस्तक न उघडता लिहायचं. जे आठवणार नाही ती जागा कोरी सोडायची.

शीघ्रवाचनाच्या क्लासच्या नादी मात्र लागू नका. मिनिटाला हजार-दोन हजार शब्दांचे दावे केले जातात. डोळ्यांच्या हालचालींवर हयात घालवलेले कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ च्या शोधलेखात स्पष्ट लिहिलं की वेग फार वाढवला की समज घटतेच. या क्लासमध्ये मनातल्या मनात उच्चार करायची सवय मोडायला सांगतात. अहवाल चाळायला ते ठीक असेल. कादंबरीत तो उच्चार म्हणजेच पात्राचा आवाज. तो बंद केला तर उरतं काय?

पुरवून वाचायचं असेल तर

पुरवून वाचणं म्हणजे हळू वाचणं नव्हे. वाचताना आपल्या नेहमीच्याच वेगाने वाचायचं, फक्त कमी वाचायचं आणि मधल्या वेळात ते मनात घोळू द्यायचं. मुद्दाम रेंगाळून वाचलं की वाक्याचा ताल तुटतो आणि मन भाजीच्या यादीकडे वळतं.

रोज सुरू करताना कालचं शेवटचं पान पुन्हा वाचा. याला दोन मिनिटं लागतात आणि दोन दिवसांचा खंड भरून निघतो. शक्यतो जागा आणि वेळ एकच ठेवा, आत्याचा झोपाळा आणि दुपारचे अडीच, तसं. रोजच्या वाट्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचा, घरात ऐकणारं कुणी असेल तर त्यांना ऐकवा. आवडलेल्या वाक्यावर पेन्सिलीने बारीक टिंब. पुस्तक वाचनालयाचं असेल तर टिंबही नको, वहीत पान नंबर लिहा. आधीच्या वाचकाने समासात लिहिलेलं "अगदी खरं!!" पाहून माझा एका करुण प्रसंगाचा पार विचका झाला होता.

पुरवून वाचणाऱ्याची खरी अडचण शेवटाला येते. पुस्तक संपू नये असं वाटतं म्हणून तो उरलेली चाळीस पानं दोन-दोन करून वाचतो. मला हे चूक वाटतं. शेवट बहुतेकदा एका ओघात लिहिलेला असतो. शंभर पानं चढवलेला ताण तिथे सुटायचा असतो, आणि आपण त्याला रोज संध्याकाळी टाचण्या मारतो. शेवटचा आठवा हिस्सा एका बैठकीत वाचा, मग बाकीचं तीन महिने पुरवलेलं असलं तरी.

फडशा पाडणाऱ्याची अडचण नेमकी उलट: शेवट दिसू लागला की तो पळत सुटतो. त्याने शेवटची दहा पानं आली की उठावं, चहा करावा, कप धुवून ठेवावा आणि मग येऊन बसावं.

खंड पडला तर

लग्नसराई आली, परीक्षा आली, घरात आजारपण आलं, पुस्तक दोन महिने तसंच राहिलं. आता पहिल्यापासून वाचायचं? नाही. आधीच्या प्रत्येक प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा, वंशवेल काढली असेल तर ती बघा, आणि थांबला होतात त्याच्या मागच्या एका प्रकरणापासून सुरू करा. तरीही धागा लागला नाही तर पुस्तक ठेवून द्या. मनाला लावून घेऊ नका. काही पुस्तकं आपल्या वयाची वाट पाहत असतात.

हात मोकळे नसतील तर ऐकण्याचाही पर्याय आहे. मराठीत आता भरपूर कादंबऱ्या श्राव्य रूपात मिळतात. ऐकताना वेग वाचणाऱ्याच्या हाती असतो आणि तो आपल्याला मुकाट मानावा लागतो, हा अधाशी माणसावर चांगला इलाज आहे. मात्र दीडपट वेगाचं बटण दाबलंत तर इलाजही गेला.

दुसरं वाचन

माझ्या रीतीत शेवटी हे येतं, आणि खरं तर सगळा भार याच्यावरच आहे. आवडलेली कादंबरी दोनदा वाचायची: पहिल्यांदा तिच्या वेगाने, दुसऱ्यांदा आपल्या. पहिल्या वाचनात पुढे काय होतं याची भूक असते, ती दाबून ठेवायची नाही. दुसऱ्या वाचनात ती भागलेली असते, म्हणून मग पायऱ्या दिसतात, खुंट्या दिसतात, कुणी काय बोललं नाही तेही ऐकू येतं. शेवट आधी कळल्याने मजा जाते का यावर संशोधकांचे निकालही दोन्ही बाजूंनी लागले आहेत, पण लाक्षागृहातून पांडव वाचणार हे ठाऊक असूनही आपल्याकडे कीर्तनातून कुणी उठून गेलेलं नाही.

दोन वाचनांत निदान सहा महिने जाऊ द्या. पाच ओळींची ती वही आधी काढा, कोऱ्या सोडलेल्या जागा बघा, आणि त्या हेरत वाचा. सबंध पुस्तक पुन्हा वाचणं जमत नसेल तर डोळ्यांपुढून हलत नसलेला प्रसंग आणि त्याच्या आधीची वीस पानं तरी वाचा.

मला सहा महिन्यांची मुभा नव्हती. काकांनी "उद्या आण" म्हटल्यावर त्या रात्री कंदिलाशी बसून मी ती कादंबरी परत वाचली, या वेळी वाडा शोधत. शेवटच्या पानाच्या आधी, एका लांबलचक वाक्याच्या पोटात, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पावसाने मागची भिंत आणि मग माडी बसली, असं अर्ध्या ओळीत येऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं, "कुणालाच नाही." त्यांनी कार्डावर शिक्का मारला आणि कपाटातून पुढचं पुस्तक काढायला गेले.